दहावा सूचक

नमिता बैरागीनं विधानसभेला उभं राहायचं ठरवलं तेव्हा धान पिवळा पडत चालला होता, आणि पहिली पंचाईत हीच झाली. धान कापणीला आला की या मुलखात माणूस मयतीलासुद्धा घाईघाईनं जाऊन येतो. तिथं एका बाईच्या निवडणुकीच्या कागदावर सही करायला कोण रिकामं बसलंय? अपक्षाला दहा सूचक लागतात. दहा मतदार, त्याच मतदारसंघातले, यादीतल्या अनुक्रमांकासकट. ज्यांना सही येत नाही त्यांनी साहेबासमोर जाऊन अंगठा द्यायचा. साहेब बसणार राजुऱ्याला, म्हणजे जाऊन येऊन सगळा दिवस गेला. तोही कापणीतला.

भाड्यानं माणसं न्यायची तिची ऐपत नव्हती. मग तिनं बायका आपसात करतात तोच व्यवहार मांडला. तू माझ्या बांधीत एक दिवस, मी तुझ्या बांधीत एक दिवस. तुम्ही माझ्यासाठी राजुऱ्याला एक दिवस द्या, मी तुमचा धान एक दिवस कापून देते. टोलीतले पाच जण घरचेच होते, त्यांना हिशेब नको होता. गावातले पाच मात्र असेच मिळवायचे होते. आमदारकीला उभी राहणारी बाई दिवाळीच्या आधीचा आठवडा दुसऱ्याच्या बांधीत वाकून काढणार, यावर गावात दोन दिवस हसणं चाललं.

चेक सावरला गावाच्या पूर्वेला, तलावाच्या पाळीखाली, बारा घरांची बंगाली टोली आहे. यांची म्हातारी माणसं पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आली. सरकारनं त्यांना वैनगंगेच्या पलीकडं, मुलचेऱ्याच्या जंगलात कॅम्प करून वसवलं. पुढं घरं वाढली, जमिनीचे तुकडे पडले, तेव्हा नमिताचे सासरे फणीभूषण नदी ओलांडून गोंडपिपरीच्या बाजूला आले आणि पडीक तीन एकर घेऊन त्यांनी बांध घालून धानाच्या बांध्या काढल्या. त्याला तीस वर्षं झाली. नमिता लग्न होऊन याच घरात आली, गावातल्या बायकांबरोबर रोवणी करत इथलं बोलणं शिकली, पाच वर्षं ग्रामपंचायतीत निवडून बसली. तरी ती अजून ‘बंगाल्यायची नमिता’च होती.

उभं राहण्याचं कारण तिच्या घरातच होतं. मुलगी करिष्मा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि नर्सिंगची जागा चार गुणांनी हुकली. त्यांची जात पश्चिम बंगालात अनुसूचित यादीत आहे, इथल्या यादीत नाही. त्यामुळं जातीचा दाखला नाही, म्हणून फॉर्मवर ‘खुला’ लिहायचं आणि खुल्यात जाऊन मार खायचा. यासाठी नमितानं पंचायतीत असताना सात वेळा निवेदनं दिली. प्रत्येक वेळी नेत्यांनी चहा पाजला, निवेदन हातात धरून फोटो काढला आणि ‘वरती पाठवतो’ म्हणून सांगितलं. वरती म्हणजे कुठं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. सातव्या फोटोनंतर तिचं डोकं फिरलं.

त्यातही नशिबाचा खेळ बघा. नदीपलीकडं गडचिरोलीत बंगाली मतं ढीगभर, पण तिथल्या जागा आदिवासींसाठी राखीव. अलीकडची जागा खुली, तर इथं तिची माणसं ओंजळभर. उभं राहता येत होतं तिथं मतं नव्हती. ‘कोण निवडून देणार तुला?’ असं नवऱ्यानं, सुबलनं, एकदाच विचारलं. निवडून नाही तर निदान कोणी तरी विषय काढला असं तरी होईल, असं ती म्हणाली. सुबल बोलण्यातला माणूस नव्हता. त्यानं विळे धारेला नेले.

पहिला दिवस सुकरीच्या बांधीत गेला. सुकरी आणि तिचा नवरा बिरजू रानालगतच्या गोंड टोल्यात राहायचे. दव इतकं की पहिल्या तासातच लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं. तुडतुड्यानं मधूनमधून धान जाळला होता. हात घातला की तिथली ताटं चुरा होऊन हातात येत.

“खाली वाक बाई,” सुकरी म्हणाली. “एवढ्या उंचावरून कापशीन तं तनीस अर्धी बांधीतच राहीन.”

“वीस वर्सं झाली कापून राह्यली मी.”

“तुमी मच्छीवाले. तुमचा हात मच्छीवर चांगला चालते.” सुकरी हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी नमिताला लागलं.

बिरजू मागं कापून पडलेल्या कडपा उचलून भारे बांधत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “आमच्या पट्ट्याचा दावा किती वर्सं पडून हाय, मालूम हाय तुले?”

“हाय न. कागदावर लिवला हाय मी.”

“कितव्या नंबरवर?”

“दुसऱ्या.”

“पयला कोनता?”

“आमच्या दाखल्याचा.”

बिरजूनं भाऱ्याला गुडघा लावून धानाच्या काडाचा, तनसाचा दोर ओढला. “तुमी बारा घरं. आमी चाळीस,” एवढंच म्हणाला आणि दोन भारे बांधून झाल्यावर पुन्हा बोलला, “दुसरा चालते. पन तिसरा नाई झाला पायजे.”

सुकरीनं अंगठा द्यायचं कबूल केलं, बिरजूनंही. सुकरीची एकच अट होती. जाताना गाडीत तिला कडेला बसवायचं, म्हणजे राजुरा नीट बघता येईल.

संध्याकाळी करिष्मा वही घेऊन बसली. मागण्यांचं पत्रक छापायला द्यायचं होतं आणि त्याआधी वहीत क्रम लावणं चाललं होतं. पहिला दाखला, दुसरा वनहक्काचे पट्टे. दुसऱ्या दिवशी इसरूची बांधी झाली. तो ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारा. त्याला तलावातला गाळ काढण्याचा मुद्दा तिसरा हवा होता, चौथा नको. तिसऱ्या दिवशी धुरपता होती, नवरा वाघानं नेलेली बाई. तिनं कशाचा क्रम विचारला नाही. “लिव जे लिवाचं ते,” म्हणाली, “पन सायंकाळी चारनंतर रानाकडची बांधी कापाले कोनी तयार होत नाई, हे बी लिव.” करिष्मानं तेही लिहिलं. मग इसरूच्या मुद्द्याला चौथा करावं लागलं, आणि इसरू ऐकून तोंड फुगवून गेला, ते नमितानं पुन्हा जाऊन समजूत काढली तेव्हा आला. पाच माणसांच्या मागण्या एका पानावर मांडताना ही तऱ्हा, तर मतदारसंघातल्या तीन लाख माणसांचं काय होत असेल, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःवरच चिडली.

फणीबाबा ओट्यावर जाळं विणत बसायचे. एक्याऐंशी वर्षांचे, पण बोटं अजून चालत होती. घरात ते बंगालीतच बोलत. आपण ते मराठीत ऐकू. रोज ते सुनेला एकच विचारायचे.

“बौमा, पहिला कोणता ठेवला?”

“दाखल्याचाच, बाबा.”

“बरं,” म्हणून ते पुन्हा जाळ्याकडं बघायचे.

तिकडं त्यांचा स्वतःचा धान उभाच होता. सुबल एकटाच कापत होता, करिष्मा जमेल तशी जात होती. लोंब्या इतक्या वाळल्या होत्या की चालताना पायाला लागून दाणे गळत. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि जीव टांगणीला लावून संध्याकाळी निघून जायचं. नमिता रात्री हात गरम पाण्यात घालून बसायची. डाव्या हाताच्या करंगळीला विळा लागून फाटलं होतं आणि त्यावर हळद भरली होती. सुबल काही म्हणत नव्हता, हेच तिला जास्त टोचत होतं.

चौथा दिवस मुखरूभाऊंचा. मुखरूभाऊ गावातले वजनदार शेतकरी, घरी पिकप गाडी, मतं चार घरची त्यांच्या शब्दावर चालणारी. त्यांची सही मिळाली तर गावाची सही मिळाल्यासारखं झालं असतं. त्यांची जमीन कालव्याच्या अगदी शेपटाला होती. शेवटचं पाणी तिथं पोचलंच नव्हतं आणि उशिरा येणारा जड धान अर्धा पोचट राहिला होता. नमिता सकाळपासून त्या पोचट धानात वाकली.

दुपारी मुखरूभाऊंकडं गोंडपिपरीहून दोन माणसं आली, बियाण्याच्या दुकानातली. मुखरूभाऊंनी बांधावरूनच तिच्याकडं हात केला. “हे पाहा आमच्या आमदारीनबाई. धान कापून राह्यल्या.”

माणसं हसली. एकानं मोबाईल काढून फोटो घेतला. “बाई, इकडं पाहा न जरा, इळा वर करा.” नमितानं मान वर केली नाही. विळा खालीच ठेवून ती कापत राहिली. चेहरा इतका तापला होता की घाम आहे की रडू, ते तिलाच कळेना. मुखरूभाऊंची बायको सुगंधाबाई पलीकडच्या ओळीत होती. ती ओरडून म्हणाली, “जा बाप्पा तुमी, काम करू द्या.” मग जेवायला बसल्यावर तिनं नमिताच्या भाकरीवर ठेचा जरा जास्तच वाढला.

दिवस कलल्यावर मुखरूभाऊंनी वही मागितली. बोट फिरवत वाचली. बोट पहिल्या ओळीवर थांबलं.

“पाण्याचं पाचवं ठेवलं तुमी.”

“चौथं करतो, मुखरूभाऊ. इसरूसंग बोलतो मी.”

“चौथं-पाचवं सोडा. पयलं हे काऊन हाय? दाखला. हा गावाचा मुद्दा हाय काय? मी सही केली तं लोक म्हनतीन, मुखरूनं बंगाल्यायच्या दाखल्यावर सही देली. मले गावात राहाचं हाय.”

“मले बी गावातच राहाचं हाय.”

“म्हनूनच सांगून राह्यलो. काढून टाका. पाणी पयलं घ्या, मी आत्ता सही करतो. चार घरं बी बोलतो.”

नमिताच्या पाठीत कळ निघत होती. तिनं विळा उचलला, पात्याला लागलेलं तनीस बोटानं काढलं. “तो नाई हालनार, मुखरूभाऊ. बाकी सगळे खालीवर करा. तो हालला तं मी उभी कायले राहू?”

मुखरूभाऊंनी वही परत दिली. त्यांना राग आला नव्हता. तो माणूस तसा सरळ होता. “तं मंग सही नाई. पन तुमी माहा दिवस कापला, तो मी ठेवत नाई. पिकप घेऊन येतो. राजुऱ्याले नेतो अन् आनून सोडतो. दिवसाले दिवस झाला.”

घरी येताना ती तलावाच्या पाळीवर थोडा वेळ बसली. नऊ सूचक झाले होते, आणि अर्ज भरायचा एकच दिवस उरला होता. टोलीतल्या बाकीच्यांची नावं अजून नदीपलीकडच्या यादीत. ती कोणी हलवलीच नव्हती. करिष्मा नुकतीच अठराची झालेली, तिचं नाव अजून यादीत आलं नसणार असंच ती धरून चालली होती. तिनं ओट्यावर येऊन सांगितलं, तसं फणीबाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

“मी आहे ना. माझं घाल.”

“तुम्हाला साठ किलोमीटर गाडीत बसवेल?”

“बंगालातून इथवर बसून आलो,” ते म्हणाले. उन्हाळ्यातल्या मतदानाची यादी करिष्मानं मोबाईलवर उतरवून ठेवली होती. तिच्यात फणीभूषण बैरागी हे नाव होतं, क्रमांक होता, घर नंबर होता. नमितानं तो क्रमांक कागदावर दहाव्या ओळीत लिहिला आणि पहिल्यांदाच पोटभर जेवली.

सकाळी सातला पिकप निघाली. फणीबाबा पुढं मुखरूभाऊंशेजारी, बाकीचे मागं पोत्यांवर. सुकरीनं कडेची जागा पकडली होती. सुबलनं कागदावर सही आधीच केली होती; तो आणि करिष्मा कापायला मागं राहिले. आभाळ आज सकाळीच भरलं होतं. गोंडपिपरी गेलं, बल्लारशाचा धूर दिसला, आणि राजुरा जवळ आलं तसं गाडी मुंगीच्या पावलानं चालायला लागली. एका मोठ्या उमेदवाराची मिरवणूक निघाली होती. ढोल, गुलाल, गाड्याच गाड्या. त्यांच्यामागं पिकप दीड तास अडकली. शेवटी सगळे उतरून चालत गेले. फणीबाबांना बिरजूनं हाताला धरून नेलं आणि मग मुखरूभाऊ गाडी घेऊन मागून आले.

कचेरीच्या अलीकडं शंभर पावलांवर पोलिसांनी बांबू आडवे लावले होते. उमेदवार आणि चारच माणसं आत, बाकीची बाहेर. अंगठेवाले आधी आत न्यायचे, ते बाहेर आले की पुढचे. नमितानं सुकरी, बिरजू, धुरपता, इसरू यांना घेतलं. आत मोठ्या उमेदवाराचा अर्ज चालला होता आणि त्याच्याबरोबर चारपेक्षा बरीच जास्त माणसं आत होती, पण ते कोणी मोजत नव्हतं. तिची पाळी यायला दोन वाजून गेले.

टेबलामागच्या बाई हुशार होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी एकेक नाव यादीशी लावून बघितलं. सुकरीनं अंगठा इतका जोरात दाबला की शाई कागदाच्या कडेपर्यंत गेली. एक, दोन, तीन करत बाई दहाव्या ओळीवर आल्या आणि थांबल्या.

“हे फणीभूषण बैरागी. हे नाव वगळलेलं आहे.”

“असं कसं? यादीत हाय. उन्हाळ्यातल्या यादीत हाय मॅडम.”

“ती जुनी झाली. ऑगस्टमध्ये नवीन झाली.” बाईंनी यादी तिच्याकडं वळवली. नावावर आडवा शिक्का होता. “यांनी स्वतः अर्ज केलाय, दुसरीकडं नाव नेण्यासाठी. हे सूचक चालणार नाहीत. दुसरा आणा. तीनच्या आत तुम्ही आणि तो माणूस दोघंही या खोलीत पाहिजे. आता सव्वादोन झालेत.”

बाहेर फणीबाबा पिकपच्या पुढच्या सीटवर दार उघडं टाकून बसले होते. मुखरूभाऊ बॉनेटला टेकून सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत होते. नमिता धावत आली.

“बाबा, तुम्ही नाव कुठं नेलं?”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते तिच्याकडं न बघता गुडघ्यावरच्या पिशवीकडं बघायला लागले. “श्रावणात भावाकडं गेलो होतो ना कॅम्पात. तिथं एक माणूस फॉर्म भरून घेत होता. म्हणाला, दाखल्याचं काम जुन्या कॅम्पाच्या यादीवरूनच होणार. ज्याचं नाव तिथं, त्याच्या नातवंडांचं होणार. म्हणाला इथलंही राहतं, तिथलंही होतं.”

“मला विचारायचं तरी.”

“करिष्माचंही तिथंच घातलं. तिचं नवीनच होतं, अठरा झाले होते.” ते हळू बोलत होते. “तिला मीच म्हटलं, आईला सांगू नको. तू रागावशील म्हणून.”

म्हणजे ती तिच्या घरातल्या दोन मतांशिवायच उमेदवार होत होती. चार दिवस ती लोकांच्या बांधीत वाकून एकेक नाव मिळवत होती, आणि घरातली नावं श्रावणातच नदीपार गेली होती. तिला ओरडावंसं वाटलं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसावर भर रस्त्यात काय ओरडणार? ती वळली आणि समोरच्या पानठेल्यावर गेली.

“भाऊ, तुमचं नाव याच मतदारसंघात हाय न? एक सही पायजे.”

“कोनता पक्ष?”

“अपक्ष.”

“नको बाई, धंदा करू द्या.” पुढं चप्पलवाला होता, त्यानं मान हलवली. भाजी घेऊन चाललेल्या एका बाईनं तर ‘बंगाली आहात का?’ एवढंच विचारलं आणि चालू पडली. एका मास्तरासारख्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं, तिचं कौतुक केलं, आणि आपण सरकारी नोकरीत आहोत असं सांगितलं. अडीच वाजून गेले. टोलीतले इतर चार जण झाडाखाली उभे राहून तिच्याकडं बघत होते.

ती परत पिकपजवळ आली. मुखरूभाऊंनी खर्रा तोंडात टाकला होता. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

“माहा नंबर मले पाठ हाय,” ते म्हणाले. “माहा काही वगळला-बिगळला नाई.”

“करा मंग सही. हात जोडतो.”

“हात नका जोडू. मी तं कालच सांगितलं.” ते अडून बसल्यासारखे बोलत नव्हते, उलट समजावत होते. “पाणी पयलं घ्या. ते काढून टाका. खाली नाई, काढाच. मंग मी गावाले तोंड दाखवू शकतो. चार घरं बी येतीन तुमच्यासंग. तुमचं बी भलं हाय त्याच्यात.”

पंचवीस मिनिटं राहिली होती. आत सुकरी आणि धुरपता शाईचे अंगठे वर धरून बसल्या होत्या. एकदा फॉर्म तर जाऊ दे, नमिताला वाटलं, पुढचं पुढं बघता येईल. सगळे असंच करतात. निवडून आल्यावर कोणी पत्रक घेऊन उभं राहत नाही.

“काढलं,” ती म्हणाली.

“वही हाय काय? आत्ताच काढा. मले मनात शंका नाई ठेवाची.”

तिनं पिशवीतून वही काढली, बॉनेटवर ठेवली आणि पहिल्या ओळीवर पेन आडवं ओढलं. एकदा ओढलं तर अक्षर खालून दिसत होतं, म्हणून पुन्हा ओढलं. करिष्माचं अक्षर होतं ते, ठळक आणि गोल. फणीबाबा दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी बघितलं, आणि मग समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघायला लागले.

मुखरूभाऊ तिच्या बरोबरीनं धावले. पावणेतीनला ते खोलीत होते. नाव जुळलं, क्रमांक जुळला, सही झाली. तिनं शपथ वाचली, मराठीत, एकदाही न अडखळता. बाईंनी पोच दिली, उद्या छाननीला या म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळानं पहिल्यांदा हसल्या. बाहेर आल्यावर इसरूनं शिट्टी वाजवली. सुकरीनं तिला कमरेला धरून हलवलं. टोलीतल्या चौघांनी तिच्या गळ्यात एक झेंडूचा हार घातला. तो बहुधा मोठ्या उमेदवाराच्या मिरवणुकीत पडलेला होता. नमिता सगळ्यांकडं बघून हसली.

परतताना फणीबाबा पुढं बसले नाहीत. मागं पोत्यावर बसतो म्हणाले. नमितानं दोनदा सांगून बघितलं, बिरजूनंही सांगितलं. म्हातारा ऐकेना. मग ती पुढं बसली. मुखरूभाऊ रस्ताभर कालव्याबद्दल बोलत राहिले, कोणत्या साहेबाकडं जायचं, कोणत्या गेटवर अडतं. बोलण्यात खरोखरच तथ्य होतं. पाणी खरंच पोचायला हवं होतं, त्यांचा धान तिनं स्वतःच्या हातानं कापला होता. ती हो हो म्हणत होती. बल्लारशाच्या पुढं थेंब आले, काच भिजली, आणि गावापाशी येईतो थांबले.

सुबलनं दोन बांध्या कापून ढीग ताडपत्रीखाली घातले होते. करिष्मा धावत आली, हार बघून हसली, आणि आईचा चेहरा बघून थांबली. नमितानं वही तिच्याकडं दिली नाही. पिशवीतच राहू दिली. रागवायचं होतं ते सगळं तिच्या डोक्यात तयार होतं, श्रावणापासूनचं, पण आता तोंडातून काढायला तिला जागाच उरली नव्हती. ती न्हाणीवर जाऊन हातपाय धुवायला लागली. करंगळीची जखम पुन्हा उघडली होती.

फणीबाबा काठी टेकत मागं आले आणि न्हाणीच्या दगडाशी उभे राहिले.

“बौमा, माझं चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं.”

तिनं तांब्या पुन्हा भरून घेतला.

“आज तुझा सगळा दिवस माझ्यापायी नासला असता. उद्या गोंडपिपरीला जातो, फॉर्म भरतो, नाव परत इकडं आणतो. तुला मत तरी देता येईल, आज ना उद्या.” ते थांबले. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि आताही तो नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “पण तू सांग. दाखल्यासाठी तिथं घातलेलं नाव आणू परत, की राहू देऊ तिथंच?”

पाणी तांब्यातून तिच्या पायावर पडत राहिलं. दारात करिष्मा उभी होती.

“राहू द्या तिथंच,” नमिता म्हणाली.

“करिष्माचंही?”

“तिचंही.”